शंभर नंबरी नाडी

१ ऑगस्ट, गुरुवार

मेसच्या दारापर्यंत गेले. परत आले. बिस्किटं खाल्ली.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज ताट हातात घेण्यापर्यंत मजल गेली. मग समोर बघितलं – लांबलचक टेबलं, बाकांवर माणसंच माणसं, आणि प्रत्येकाला आपण कुठे बसायचं ते ठाऊक. हे यांना कोणी सांगितलं? प्रवेश घेताना एवढे कागद दिले, त्यात हे कुठेच नव्हतं. ताट परत ठेवलं, खोलीत काहीतरी विसरल्यासारखा चेहरा केला आणि बाहेर पडले. हा चेहरा मला आता चांगला जमायला लागला आहे.

संध्याकाळी आईचा फोन. "रमलीस का गं?" म्हटलं, आई, येऊन आठवडासुद्धा झाला नाही. "ते खरं, पण रमलीस का?" मागून बाबांचा आवाज – "तिला म्हणावं, पहिलं सत्र बघ. नाही रमलीस तर सरळ घरी ये. इथलं कॉलेज काय वाईट आहे?" तिथल्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकवतच नाहीत हे बाबांना अनेकदा सांगून झालंय. आज सांगितलं नाही. सत्र कधी संपतं ते मी स्वतःच रोज कॅलेंडरवर बघते.

८ ऑगस्ट, गुरुवार

फिजिओलॉजीचं पहिलं प्रॅक्टिकल. विषय – नाडी मोजणे.

मॅडमनी आधी नियम सांगितले. तीन बोटं समोरच्याच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हलक्या हाताने. आपला अंगठा अजिबात वापरायचा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते – तो दाबून धरलात तर समोरच्याची राहील बाजूला, आपलीच मोजत बसाल. सगळे हसले. मीपण हसले, पण उशिरा, त्यामुळे माझं एकटीचंच हसू वर्गभर ऐकू आलं.

निम्मा वर्ग मोजणारा, निम्मा मोजून घेणारा. दुसऱ्या सत्रात अदलाबदल. मी मोजून घेणाऱ्यांत. माझी जोडीदार म्हणजे ती पहिल्या बाकावरची, जिच्या बारीकशा मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ असतं. वर्गाने तिचं नावच 'घड्याळ' पाडून टाकलंय. केस चापूनचोपून, हातात घडी घातलेला रुमाल, आणि चेहरा असा शांत की हिच्या घरात कधी कपसुद्धा फुटला नसेल.

मोजून घेताना मी खिडकीबाहेर बघत होते. आपल्याच मनगटाकडे बघितलं की जास्त धडधडतं. तिने मोजलं, पुन्हा मोजलं, मग हात वर केला. "मॅडम, हिची एकशेवीसच्या वर जातेय." मॅडमनी येऊन स्वतः मोजलं. धावत आलीस का? नाही. ताप? नाही. "मग घाबरलीस कशाला?" याचं उत्तर द्यायला घेतलं असतं तर प्रॅक्टिकलची वेळ संपली असती.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं – "या, जलद नाडी कशी लागते ते एकेकाने बघून घ्या." रांग लागली! ज्या वर्गातल्या एकाही माणसाने आठवडाभर माझ्याशी अवाक्षर काढलं नव्हतं, तो सगळा वर्ग माझा हात हातात घेऊन गेला. शेवटचा मुलगा तर "थँक यू" म्हणाला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मेसमध्ये ताट घेऊन उभी होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक – "ए शंभर नंबरी, इकडे सरक." माझं नाव पडलं! गेले. बसले. जेवले. भात गार होता आणि आमटीत मीठ नव्हतं. दोनदा वाढून घेतलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मॅडम स्वतःचा एक अभ्यास करतायत. पहिल्या वर्षाच्या मुलांची चिंता, आणि त्यांचं विद्यापीठाशी जुळवून घेणं. त्यासाठी दर गुरुवारी प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी सगळ्या जोड्यांनी नाडी मोजायची. मोजणारा बदलायचा नाही, नाहीतर आकडे बिघडतात म्हणे. मॅडम आकडे घेतात आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर मोजून घेणाऱ्या प्रत्येकाची रेघ पुढे ओढतात. रेघ खाली आली की मूल रमलं.

आई हेच फोनवर विचारते. तिला कागद लागत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

सगळ्यांच्या रेघा उताराला लागल्या. माझी वरच. मॅडमनी मला खोलीत बोलावून चहा दिला. म्हणाल्या, "तू आपली खास केस आहेस." खास! शाळेत बारा वर्षं काढली, कुणी साधी हुशारसुद्धा म्हटलं नाही. बाहेर पडले तर टेबलावरची मंडळी वाट बघत होती. "काय म्हणाल्या? तुझ्यावर लिहिणार?" मी जरा भाव खाल्ला.

११ सप्टेंबर, बुधवार

संकट.

आज खोलीवर सहज स्वतःची नाडी बघितली. सत्तरच्या घरात. पुन्हा बघितली. तीच. इतकी सुस्त की बागेत फिरायला आल्यासारखी.

घाबरण्यासाठी जे जे ठेवणीतलं होतं ते आठवून पाहिलं. मेसचं दार – पण तिथे आता माझी जागा ठरलेली आहे. वर्गात उभं राहून उत्तर देणं – परवा चुकीचं दिलं आणि सगळ्यांबरोबर मीच हसले. माझी खोलीसोबतीण अखंड बोलते, तिला आम्ही 'रेडिओ' म्हणतो. सुरुवातीला तिच्या आवाजाने छातीत धस्स व्हायचं. आता ती गप्प बसली की काळजी वाटते. एकही भीती जागेवर नाही. ऐन वेळी सगळ्या दगा देऊन गेल्या.

आणि उद्या गुरुवार. सत्तर निघाली की मी कोण? शंभर नंबरीला शंभर पार करता येत नसतील तर कोपऱ्यातल्या टेबलावर काय म्हणून बसायचं?

१२ सप्टेंबर, गुरुवार

लिफ्ट सोडून जिन्याने धावत गेले. लॅब सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, याबद्दल इमारत बांधणाऱ्याचे आभार. दाराशी श्वास लपवला, शहाण्यासारखी आत गेले, मनगट पुढे केलं, खिडकीबाहेर नजर. घड्याळ म्हणाली, "एकशेदहा." जीव भांड्यात पडला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

जिना. शिवाय कडक कॉफी. एकशेबारा.

२६ सप्टेंबर, गुरुवार

गंमत झाली. रेडिओबरोबर बोलता बोलता चुकून लिफ्टने गेले. कॉफीही राहिली. लक्षात आलं तेव्हा मनगट घड्याळच्या हातात होतं. म्हटलं, संपलं. आज बिंग फुटणार.

"एकशेचौदा," ती म्हणाली.

म्हणजे आतून मी अजून पहिल्यासारखीच घाबरट आहे. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घड्याळबद्दल लिहायचं राहूनच जातं. आम्ही आता लायब्ररीच्या पायऱ्यांवर हाडं पाठ करतो. म्हणजे मी पाठ करते, तिची झालेली असतात. मी खांद्यापासून कोपरापर्यंत पोचेतो ती बोटांच्या टोकाला जाऊन थांबलेली असते.

मला तिचा हेवा वाटतो, तो इथे लिहून टाकते. प्रॅक्टिकलला अर्धा तास आधी येऊन बसते – वक्तशीर. दर थोड्या वेळाने हात धुऊन रुमालाने पुसते – टापटीप. नाश्त्याला येत नाही, जेवायलाही मेसमध्ये दिसत नाही, डब्यात काहीतरी भरून घेऊन जाते – म्हणते, "गर्दीत नको वाटतं." केवढा मनावर ताबा! मला तर दोनदा वाढून घेतल्याशिवाय उठवत नाही. आज विचारलं, "तू इतकी शांत कशी राहतेस गं?" ती हाडांच्या पुस्तकात बघत म्हणाली, "सवय."

नाही तर आम्ही. जिने चढून धडधड कमावतोय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुसऱ्या विभागाचे लोक भिंतीवरचा आलेख बघायला आले होते. सगळ्यांच्या रेघा घसरगुंडीसारख्या खाली, आणि एकच रेघ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी आडवी. मॅडम तिच्यावर पट्टी टेकवून बोलत होत्या. मी मागच्या बाकावरून मान वर करून बघत होते, जणू वंशात पहिल्यांदाच कुणीतरी नाव काढलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

एक गोष्ट फक्त इथेच लिहायची. गेल्या किती दिवसांत कॅलेंडर बघितलं नाही. आज बघितलं ते दुसऱ्या सत्रात काय काय आहे ते शोधायला. रुग्णांवर हात चालवायला मिळणार! चक्क घाई झाली मला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

घात झाला.

मॅडमनी घरी फोन केला. माझ्या काळजीपोटी, त्यामुळे रागावताही येत नाही. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण रमलेली नाही, सत्रभर नाडी खाली आलेली नाही, असा ताण बरा नव्हे, तुम्ही विचार करावा. बाबांनी विचार फोन ठेवायच्या आत केला. "परीक्षा झाली की बावीस नोव्हेंबरला न्यायला येतो. सामान बांधून ठेव."

मी म्हटलं, "बाबा, मी रमलेय. खरंच." पलीकडे आई रडत होती. "आमच्यासाठी खोटं बोलू नकोस गं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना या गोष्टीत खरं सांगितलं, तर ही तऱ्हा.

जिने कुणी चढायला सांगितले होते मला?

३१ ऑक्टोबर, गुरुवार

लिफ्ट. कॉफी बंद. दहा मिनिटं डोळे मिटून लांब श्वास. खोलीवर मोजली तेव्हा सत्तर. लॅबमध्ये मनगट दिलं, मनात म्हटलं, आज तरी.

"एकशेपंधरा."

"नीट बघ ना."

तिने पुन्हा मोजलं. "तेवढीच आहे गं." आणि तिने असं तोंड केलं, जसं काही तिचंच चुकलं.

म्हणजे ही खोलीच मला घाबरवते, आणि मला त्याचा पत्ता नाही. मी रमलेय हे मला कळतं, रेडिओला कळतं, मेसच्या वाढप्याला कळतं. फक्त माझ्या हृदयाला कुणी कळवलेलं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज सरळ विनवलं तिला. "कमी सांग. नव्वद सांग. नाहीतर मला घरी नेतील." तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "मोजलं तेच सांगणार. चुकीचं सांगितलं आणि कुणी विचारलं तर?" म्हटलं, कोण विचारणार आहे? "नको. मला नाही जमणार." आणि मॅडमना सांगितलं – एकशेसोळा.

एवढी काय मेली ती शिस्त! तिला तर कुणी न्यायला येणार नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पायऱ्यांवर गेले नाही. हाडं एकटीने केली. कोपरापर्यंतच.

१८ नोव्हेंबर, सोमवार

रेडिओने माझी पुस्तकं खोक्यात भरायला मदत केली. पहिल्यांदाच ती तासभर काही बोलली नाही. मला फार वाईट वाटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, पिकल्या मिश्यांचे, आवाज मऊ. मोजणाऱ्यांनी आपापल्या जोडीदाराची नाडी मोजायची, ते पडताळणार. आमची पाळी आली. मी सवयीने खिडकीकडे बघितलं. घड्याळने मोजलं. "एकशेअठरा."

परीक्षकांनी माझं मनगट घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, "बहात्तर."

ते म्हणाले, "परत मोज." तिने परत मोजलं. "एकशेवीस." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अगं, कुणाची मोजतेस तू?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी पुढे येऊन माझी नाडी स्वतः बघितली, आणि मग त्यांनी भिंतीकडे बघितलं. सत्रभर वर राहिलेल्या त्या रेघेकडे. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं, ते तिथेच विसरून माझी जोडीदार बाहेर निघून गेली.

मी ते उचललं. म्हणजे सत्रभर ही मनाला येईल तो आकडा सांगत होती! मी जिने चढले, कॉफ्या ढोसल्या, श्वास घेतले, आई रडली, आणि ही बसल्या बसल्या आकडे फुगवत होती. कशासाठी? मी जावी म्हणून? पायऱ्यांवर माझ्याबरोबर बसायची आणि मनात हे?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा आले. मॅडमनी त्यांना खोलीत बसवून सांगितलं, काहीतरी गफलत झालीय, मुलगी अगदी ठणठणीत आहे. बाबांनी मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसला तो मेसमध्ये. कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांना नेलं. तिथे चौघांनी सरकून जागा केली, एकजण म्हणाला, "काका, हिला दुसऱ्यांदा वाढू देऊ नका, आम्हाला उरत नाही." बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रमलीस की गं." त्यांना वाईट वाटलं का बरं वाटलं, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

एकटेच परत गेले. आईने दिलेली रिकामी पिशवी, माझं सामान भरायला आणलेली, ठेवून गेले.

खोक्यातली पुस्तकं परत मांडली. उद्या त्या बाईसाहेबांना त्यांचं घड्याळ नेऊन द्यायचं, आणि चार शब्द सुनवायचे. शब्द ठरवून ठेवलेत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तिच्या खोलीत बांधलेली बॅग होती. मी दारातूनच म्हटलं, "माझ्यासमोर मोजून दाखव. आत्ता." या वेळी खिडकीकडे बघितलं नाही. तिने तीन बोटं ठेवली. ती इतकी थरथरत होती की टिकेनात. मग तिने अंगठा खाली घातला आणि माझं मनगट घट्ट दाबून धरलं. म्हणाली, "असं धरलं तरच लागते."

"अगं, अंगठा नाही ठेवायचा. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"पहिल्या दिवशी मला काही ऐकूच आलं नाही. कानात नुसती धडधड होती."

मी तिचा हात उलटा केला. तिचंच घड्याळ समोर ठेवलं, तीन बोटं ठेवली आणि मोजली. एकशेवीस. भिंतीवर सत्रभर लागलेली ती रेघ तिची होती. तिला कुणी मोजलंच नव्हतं. आणि मी तिला टापटीप म्हणत होते.

ठरवलेले शब्द गेले कुठल्या कुठे. तोंडातून आईचाच प्रश्न निघाला – "रमलीस का गं?" ती रडत सुटली. हा प्रश्न तिला इथे कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा.

बॅग तशीच राहू दिली, तिला हाताला धरून नाश्त्याला नेलं. मेसच्या दारात ती थांबली आणि तिने खोलीत काहीतरी विसरल्यासारखा चेहरा केला. मी हात सोडला नाही.